विश्वास आणि हिशेब

जेथें विश्वास आहे तेथें हिशेब कशाला, असें म्हणण्याची चाल मराठी संसारांत फार जुनी आहे. महिना संपतां संपतां घरधनिणीनें पगारांतील उरलेली रक्कम कोठें ठेवली असें विचारलें, कीं घरधनी दुखावतो, “माझ्यावर भरंवसा नाहीं वाटतें?” हा त्याचा प्रतिप्रश्न ठरलेला असतो. त्यानें भाजीबाजाराचा खर्च विचारला म्हणजे दुखावण्याची पाळी तिची. दोघांच्याहि मनांतील समजूत एकच असते. हिशेब मागणें म्हणजे संशय घेणें, आणि संशय आला तेथें प्रेम कसलें! ही समजूत घराच्या चार भिंतींत राहिली असती तर नभोवाणीवरून तिचा विचार करण्याचें कारण नव्हतें. परंतु राज्यकर्तेहि प्रजेशीं हीच भाषा बोलतात. नोटा छापतांना, कर्जें काढतांना, विजेचे व तेलाचे करार करतांना ‘विश्वास ठेवा’ एवढेंच सांगितलें जातें. आणि युद्धाची हांक आली म्हणजे हिशेब विचारणाऱ्याच्या देशभक्तीबद्दलच शंका घेण्यापर्यंत मजल जाते. संसार, पैसा, युद्ध आणि इंधन या एकमेकांपासून दूर दिसणाऱ्या गोष्टी एका दोऱ्यांत ओंवून पाहण्याचें प्रयोजन हें आहे.

या समजुतीला घरांतल्या घरांतच एक उत्तर तयार आहे, पण त्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. दुपारचीं कामें आटोपल्यावर आळींतील दहापंधरा बायका मिळून भिशी लावतात. प्रत्येकीनें दरमहा ठराविक रक्कम आणावयाची, चिठ्ठ्या टाकावयाच्या, जिचें नांव निघेल तिनें सारी रक्कम न्यावयाची. पहिल्याच महिन्यांत जिला रक्कम मिळाली ती पुढील हप्ते भरील याला तिच्या शब्दावांचून दुसरें तारण नसतें. तरीहि भिशीला वही असते. पैसे सर्वांसमोर मोजले जातात, चिठ्ठी एखाद्या लहान मुलाकडून उचलवितात, आणि कोणाच्या नांवापुढें खूण राहिली असेल तर त्याच बैठकींत विचारणा होते. त्या विचारण्यानें कोणाचा अपमान होत नाहीं. नवऱ्याला पैशाविषयीं विचारण्यास कचरणारी बाई येथें शेजारणीला निःसंकोचपणें विचारते, हें एक नवलच म्हणावयाचें.

विवाहांतील पैशाचा प्रश्न धर्मशास्त्रानें मात्र टाळलेला नाहीं. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळीं, म्हणजे अकराव्या शतकाच्या अखेरीस व बाराव्याच्या आरंभीं, विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा ही टीका लिहिली. तिचें प्रामाण्य महाराष्ट्रांत शतकानुशतकें चालत आलें. नवऱ्यानें बायकोचें स्त्रीधन घ्यावें काय, आणि घेतल्यास परत करावें काय, याचा त्या ग्रंथांत विचार आहे. दुष्काळ, आवश्यक धर्मकार्य, व्याधि आणि बंदिवास या चार प्रसंगीं घेतलेलें स्त्रीधन परत करण्याचें बंधन त्याच्यावर नाहीं. एरवीं घेतलेलें परत केलें पाहिजे. ही मुभासुद्धां नवऱ्यापुरतीच आहे. सासरा, दीर वा अन्य आप्त यांना तिला हात लावण्याचा अधिकार नाहीं. आजच्या दृष्टीनें या नियमांत उणिवा पुष्कळ दाखवितां येतील. तथापि अपवाद मोजून चारच सांगितले यांतच त्या शास्त्रकारांचें व्यवहारज्ञान दिसून येतें. नवरा प्रेमळ आहे, तो बुडविणार नाहीं, असल्या भरंवशावर त्यांनीं गोष्ट सोडली नाहीं. कोणत्या कारणासाठीं घेतलें, हा प्रश्न त्यांनीं जिवंत ठेवला.

पुढें आठनऊशें वर्षांनीं हाच वाद न्यायालयांत नव्या शब्दांत उभा राहिला. वधूनें आणलेले दागिने सासरच्या घराचा उंबरठा ओलांडतांच दोघांच्या समाईक मालकीचे होतात, कारण संसार म्हणजे एक प्रकारची भागीदारीच, असा एक युक्तिवाद होता. दिसावयास तो मोठा गोड आहे. १९८५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो झिडकारला. स्त्रीधनाची मालकीण पत्नीच. पतीच्या किंवा सासरच्या हातीं तें असेल तर ठेव म्हणून आहे. आणि मागितल्यावर तें अप्रामाणिकपणें दिलें नाहीं तर विश्वासघाताच्या गुन्ह्याबद्दल खटला करतां येतो, असा तो निर्णय आहे. २०२४ सालींहि त्याच न्यायालयानें पुन्हां सांगितलें, कीं अडचणीच्या वेळीं पतीनें स्त्रीधन वापरलें तरी तें किंवा त्याचें मोल परत करण्याचें नैतिक ऋण त्याच्यावर राहतें. कायद्यानें येथें जो शब्द वापरला तो विचार करण्यासारखा आहे. ‘विश्वासघात’ हा शब्द व्यवहारांत मनाच्या जखमेसाठीं वापरतात. कायद्यांत तो दुसऱ्याच्या ठेवीचा अपहार करण्याला वापरतात. म्हणजे जेथें ठेव सोंपविली गेली तेथेंच विश्वासघात संभवतो, आणि जेथें ठेव आहे तेथें ती परत मागण्याचा हक्कहि आहे.

घरोघरीं घडतें तें निराळेंच. दुकानाला भांडवल पाहिजे असतें, मुलाची फी भरावयाची असते, शेतांतील विहिरीचें काम अर्धवट राहिलेलें असतें. बाई पाटल्या काढून देते. देतांना ती एक शब्द बोलत नाहीं, आणि हें तिचें मौन थोरपणाचें लक्षण समजलें जातें. गहाणाची पावती नवऱ्याच्या नांवाची, तारीख त्याच्या ध्यानांत, व्याजाचा दर त्याला ठाऊक. वर्ष उलटतें, दोन उलटतात. हळदीकुंकवाला जातांना तिच्या हातांत कांचेच्या बांगड्या असतात व कोणी विचारलें तर “हल्लीं सोनें घालून हिंडण्याचे दिवस नाहींत” असें ती हंसून सांगते. अखेर एके दिवशीं लिलांवाची नोटीस येते, तीहि नवऱ्याच्या नांवें. त्यानें फसविलें असें म्हणतां येणार नाहीं. बहुधा तो स्वतःच लाजेनें गप्प राहिलेला असतो. परंतु दर सहा महिन्यांनीं तिनें “किती फिटलें?” एवढेंच विचारलें असतें, तर त्याला ती लाज एकट्यानें बाळगावी लागली नसती, आणि पाटल्याहि कदाचित् राहिल्या असत्या.

दागिन्याची गोष्ट तीच नाण्याची. १९४० च्या जूनमध्यें फ्रान्स पडल्याची वार्ता आली, तेव्हां हिंदुस्थानांत कागदी नोटा मोडून चांदीचे रुपये घेण्यासाठीं लोकांची झुंबड उडाली. ज्यांनीं युरोपचा नकाशा कधीं पाहिला नव्हता त्यांनींहि रुपये मडक्यांत पुरले. सरकारनें त्याच महिन्यांत गरजेपेक्षां अधिक नाणीं जमविणें हा गुन्हा ठरविला. लागलीच एक रुपयाची कागदी नोट व्यवहारांत आणली. आणि रुपयाच्या नाण्यांतील चांदी बारा भागांत अकरा होती ती निम्म्यावर आणली. एक रुपयाच्या नोटेचें एक वैशिष्ट्य आहे. इतर नोटांवर गव्हर्नर धारकाला रक्कम देण्याचें वचन देतो. या नोटेवर तें वचन नाहीं, कारण ती कायद्याच्या दृष्टीनें नाणेंच मानली गेली, आणि तिच्यावर सही अर्थखात्याच्या सचिवाची असते. वचन नसलेल्या कागदावर लोकांनीं पुढें विश्वास ठेवला, यांत कांहीं विपरीत नाहीं. बाजारांत तो चालत राहिला एवढें त्यांना पुरलें. पण मागल्या बाजूला काय चाललें होतें? ब्रिटिश सरकार युद्धासाठीं येथें माल विकत घेई, त्याची किंमत लंडनमध्यें स्टर्लिंगच्या रूपानें जमा होई, आणि तिच्या आधारावर येथें नोटा छापल्या जात. युद्ध संपेपर्यंत चलनांतील नोटा सुमारे सहापट झाल्या. पैसा हातांत होता, धान्य व कापड दुकानांत नव्हतें. ज्यांच्या नांवें हा व्यवहार झाला त्या हिंदी जनतेला कोणीं कांहीं विचारलें नाहीं, आणि विचारण्याची सोयहि तिच्याजवळ नव्हती.

इंधनाची टंचाई त्याच युद्धांत मराठी स्वयंपाकघरापर्यंत आली. मार्च १९४२ मध्यें रंगून पडलें. एप्रिलमध्यें माघार घेणाऱ्या ब्रिटिश सैन्यानें येनांगयाऊंगच्या तेलविहिरी शत्रूच्या हातीं लागूं नयेत म्हणून नष्ट केल्या. घासलेटाचा एक मोठा पुरवठा ब्रह्मदेशांतून होत असे, तो आटला. घासलेटाच्या दुकानापुढें बाटल्यांच्या रांगा लागल्या. १९४३ सालीं मुंबई शहरांत धान्याचें नियंत्रित वांटप सुरू झालें. रेशनिंगला लोकांनीं शिव्या पुष्कळ दिल्या, त्यांतील बऱ्याच रास्तहि होत्या. तरी त्याच्या कार्डांत एक गुण होता. घरांत माणसें किती, प्रत्येकास किती, या आठवड्याचें घेतलें कीं नाहीं, हें सारें त्यावर लिहिलेलें असे. शेजाऱ्याला आपल्याहून अधिक मिळतें ही शंका टंचाईपेक्षांहि जास्त जाळते, आणि या शंकेवर देशभक्तीच्या भाषणांपेक्षां तें पुठ्ठ्याचें कार्ड अधिक गुणकारी ठरलें असलें पाहिजे.

पुढील तेलसंकटें लांबच्या युद्धांतून आलीं. १९७३ च्या ऑक्टोबरांत अरब-इस्रायल युद्ध पेटलें आणि तीनचार महिन्यांत खनिज तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. फेब्रुवारी १९७४ मध्यें मुंबईजवळच्या समुद्रांत तेल सांपडलें हा भाग्ययोग खरा, पण त्यानें परावलंबन संपलें नाहीं. ऑगस्ट १९९० मध्यें इराकनें कुवेत गिळंकृत केलें. तेल महागलें, आखातांतील हिंदी कामगारांच्या मनिऑर्डरी थांबल्या, आणि आधींच कर्जबाजारी झालेल्या भारताजवळ दोनतीन आठवड्यांच्या आयातीपुरतेंच परकीय चलन उरलें. तेव्हां देशानें तेंच केलें जें अडचणींतला गृहस्थ करतो. १९९१ च्या मे महिन्यांत २० टन सोनें परत विकत घेण्याच्या अटीवर परदेशीं विकलें, आणि जुलैंत आणखी सुमारे ४७ टन इंग्लंड व जपानच्या मध्यवर्ती बँकांकडे तारण ठेवलें. लोकांना धक्का बसला तो वृत्तपत्रांतून ही गोष्ट बाहेर आली तेव्हां. सोनें गहाण टाकणें म्हणजे काय हें समजावून सांगण्याची या देशांत कोणाला गरज नव्हती. विज्ञानेश्वराच्या चार प्रसंगांत बसेल अशीच ती आपत्ति होती, आणि तें सोनें त्याच वर्षीं सोडविलेंहि गेलें. त्या निर्णयाला नांव ठेवण्यास जागा थोडी. नांव ठेवावयाचें तें गुपचूपपणाला. घरची तिजोरी उघडावी लागते हें घरच्यांना बाहेरच्याकडून कळावें, यासारखा अविश्वास दुसरा नाहीं.

परंतु आपत्तींत घेतलेल्या निर्णयापेक्षां सुबत्तेच्या आशेनें केलेला करार अधिक महाग पडतो, आणि त्याचें उदाहरण शोधण्यास महाराष्ट्राबाहेर जावें लागत नाहीं. रत्नागिरी जिल्ह्यांत, गुहागर तालुक्यांत वाशिष्ठीच्या मुखाशीं दाभोळचा वीजप्रकल्प उभा राहिला. राज्याच्या वीजमंडळानें अमेरिकेंतील एन्रॉन कंपनीच्या पुढाकारानें निघालेल्या कंपनीशीं डिसेंबर १९९३ मध्यें २० वर्षांचा करार केला. स्पर्धेच्या निविदा मागविल्या नव्हत्या. जागतिक बँकेनें या प्रकल्पास पैसा देण्याचें नाकारलें होतें. इतकी महाग वीज राज्यास पेलणार नाहीं असें तिचें मत होतें. तरी करार झाला, राज्यानें हमी दिली, राज्याच्या हमीस केंद्रानें प्रतिहमी दिली. कलमें मात्र सामान्य माणसाच्या नजरेस पडलीं नाहींत.

त्या करारांतील मुख्य गोम एका घरगुती उदाहरणानें कळेल. लग्नघरानें पांचशें पानांचीं भांडीं भाड्यानें आणलीं आणि जेवावयास दीडशेंच आले, तरी भाडें पांचशेंचेंच द्यावें लागतें. मंडळानें वीज घेतली वा न घेतली, यंत्रें तयार असल्याबद्दलचा मोठा स्थिर आकार द्यावयाचाच होता. शिवाय हें भाडें डॉलरशीं बांधलेलें. रुपया घसरला तर घसरणीचा भार मंडळावर, इंधन महागलें तर तोहि मंडळावर. १९९५ च्या ऑगस्टमध्यें नव्या सरकारनें करार मोडला. पुढें वाटाघाटी करून सुधारून पुन्हां केला. मे १९९९ मध्यें पहिल्या टप्प्यांत वीज निघूं लागली, ती नॅफ्था जाळून, आणि थोड्याच दिवसांत तेलाचे भाव चढूं लागले. मंडळाच्या स्वतःच्या केंद्रांतील स्वस्त वीज कमी करून ही महाग वीज घ्यावी, असा प्रसंग आला. बिलें थकलीं, २००१ च्या फेब्रुवारींत केंद्राच्या प्रतिहमीचा आधार मागण्यांत आला, मे महिन्यांत व्यवहार तुटला व यंत्रें थांबलीं. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत एन्रॉनचें दिवाळें वाजलें, आणि मग जगाला कळलें, कीं ज्या कंपनीच्या कर्तबगारीवर एवढा विश्वास टाकला तिचे स्वतःचेच हिशेब खोटे होते. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीनें करारावर व तो करणाऱ्या यंत्रणेवर कडक ताशेरे ओढले. स्थळाची चौकशी लग्नानंतर करण्यासारखेंच हें झालें. तें केंद्र २००६ सालीं नव्या मालकीखालीं पुन्हां चालू झालें. पण मधल्या वर्षांत बंद पडलेल्या यंत्रांकडे पाहत गुहागरकरांनीं वीजकपातीच्या रात्री काढल्या.

कराराला विरोध करणाऱ्यांपैकीं सर्वांचे मुद्दे बरोबर होते असें नाहीं. परकी भांडवल आलें कीं स्वराज्य गेलें, अशी भाषा करणारेहि त्यांत होते. तरीसुद्धां आंकडे मागणाऱ्या ज्या थोड्या अभ्यासकांनीं डॉलर, नॅफ्था आणि स्थिर आकार यांची बेरीज करून दाखविली, त्यांना ‘विकासविरोधी’ म्हणून बाजूला सारण्यांत आलें. घरांतील “माझ्यावर भरंवसा नाहीं वाटतें?” हाच प्रश्न येथें सरकारी पोशाख घालून आला होता.

तेलाच्या साठ्याचें उदाहरण याच्या उलट आहे. विशाखापट्टण, मंगळूर व पादूर येथें खडक कोरून केलेल्या गुहांत ५३ लाख टनांहून अधिक खनिज तेल सांठविण्याची सोय आहे. देशाची सुमारे साडेनऊ दिवसांची गरज त्यांत भागते असा सरकारी अंदाज आहे. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत महामारीमुळें भाव कोसळले, तेव्हां बॅरलला सरासरी १९ डॉलर या दरानें या गुहा भरून घेतल्या, आणि त्यांत किती बचत झाली तें जाहीरपणें सांगण्यांत आलें. असा आंकडा समोर आला म्हणजे त्याच्याशीं वाद घालतां येतो. २०२२ मध्यें युक्रेनचें युद्ध सुरू झाल्यावर रशियाचें सवलतीचें तेल मोठ्या प्रमाणावर येऊं लागलें, तेव्हां हिशेबाची गरज पुन्हां जाणवली. त्या वर्षाच्या मेपासून मार्च २०२४ पर्यंत पेट्रोलचा किरकोळ भाव बहुतेक ठिकाणीं जागचा हलला नाहीं. आरंभीं तेल कंपन्यांनीं तोटा सोसला, नंतर मोठा नफा मिळविला. आधींचा तोटा भरून निघाला तो कोणत्या महिन्यांत, आणि त्यानंतरचा लाभ कोणाचा, एवढें दोन रकान्यांत मांडून दाखविलें असतें तर गिऱ्हाइकाची कुरकुर निम्मी झाली असती.

स्वयंपाकाच्या गॅसचें तर घराशीं थेट नातें. देशाला लागणाऱ्या या गॅसचा निम्म्याहून अधिक भाग बाहेरून येतो, आणि त्यांतील बहुतेक होर्मुझच्या सामुद्रधुनींतून. मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेखालीं गरीब घरांतील बाईच्या नांवानें जोडणी देण्यांत येऊं लागली, ही चांगली गोष्ट झाली. शेगडी तिची, पुस्तिका तिच्या नांवाची. परंतु रिकामा सिलिंडर भरून आणण्याचे रोख पैसे ज्याच्या खिशांत असतात त्याला धुराचा त्रास होत नाहीं. लांकडें फुकट मिळतात, असें तो म्हणतो; तीं गोळा करण्यांत गेलेली तिची दुपार त्याच्या जमाखर्चांत कोठेंच लिहिलेली नसते.

शेवटीं एका कायद्याचा उल्लेख केला पाहिजे, कारण तो फारसा कोणास ठाऊक नसतो. १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याचें सहावें कलम १९२३ पासून हिंदु, मुसलमान, शीख व जैन यांनाहि लागूं झालें. नवऱ्यानें स्वतःच्या आयुष्याचा विमा पत्नीच्या व मुलांच्या हितासाठीं म्हणून या कलमाखालीं उतरविला, तर ती रक्कम विश्वस्त निधि ठरते. तिच्यावर त्याच्या सावकारांचा हात पोंचत नाहीं. धंदेवाईक माणसानें पत्नीसाठीं करावयाची याहून चांगली तरतूद नाहीं. मात्र ती विमा उतरवितांनाच करावी लागते, आणि कागद कोणत्या कपाटांत आहे हें तिला माहीत असावें लागतें.

तें माहीत नसणें किती महाग पडतें याचा आंकडा उपलब्ध आहे. दहा वर्षें ज्यांना कोणी हात लावला नाहीं अशा ठेवी बँका रिझर्व्ह बँकेकडील एका निधींत जमा करतात. फेब्रुवारी २०२३ अखेरपर्यंत एकट्या सरकारी बँकांनीं अशा सुमारे ३५ हजार कोटी रुपये सोंपविले होते. हे पैसे कोणी चोरलेले नाहींत. त्यांतील कित्येक खात्यांचे मालक वारले असतील, आणि मागें राहिलेल्या माणसांना खातें होतें याचाच पत्ता नसेल. रिझर्व्ह बँकेनें ऑगस्ट २०२३ मध्यें ‘उद्गम’ नांवाची शोधाची सोय सुरू केली. तेथें खातेदाराचें नांव व जन्मतारीख घातली तरी शोध घेतां येतो. खातें कोणत्या बँकेंत होतें हें विधवेला ठाऊक नसलें तरी चालतें. खातें सांपडलें म्हणजे त्या त्या बँकेकडे मागणी करावयाची; दहा वर्षें उलटलीं म्हणून तिचा हक्क गेलेला नसतो.